बिरोबाच्या बनातली माती

पृथ्वीवरचं सगळं जीवन डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूंच्या कृपेवर उभं आहे. मातीत ते, पानाफुलांत ते, मधात ते, आपल्या आतड्यांतही तेच. माणसानं त्यांच्यापुढं नतमस्तक व्हावं. निमिष सर दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना हे इतक्या गंभीरपणे सांगत, की मागच्या बाकावरचे मोबाइलसुद्धा खाली ठेवले जात. मग सर खिशातून सॅनिटायझरची बाटली काढत, दोन्ही हात मनगटापर्यंत चोळत आणि हजेरी घ्यायला लागत.

राणी सांगलीत या सरांच्या हाताखाली पीएच.डी. करायला आली होती. ती जत तालुक्यातल्या एका धनगरवाडीची. घरात आधी नुसती मेंढरं होती, आता मेंढरं आणि डाळिंबाची बाग. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली वाडीतली ती पहिलीच, त्यामुळं सुट्टीत घरी गेली की माणसं तिला डॉक्टर समजून दुखरे गुडघे दाखवायची.

तिला हव्या असलेल्या विषयाला समिती अजून ‘हो’ म्हणाली नव्हती. त्याचं कारण समिती नव्हती. समिती सर म्हणतील त्याला हो म्हणायची.

“सर, आमच्या वाडीला बिरोबाचं बन आहे,” राणीनं पुन्हा एकदा सुरुवात केली. “पिढ्यान्‌पिढ्या तिथं भंडारा उधळतात. माती पिवळी झालीय. हळद जंतू मारते हे तर तुम्हीच शिकवता. मग इतकी हळद पडूनही त्या मातीत जे जिवंत राहिलं असेल, ते हळदीला सरावलेलं असणार. तो जीवाणू हळदीच्या बेण्याला लावला, तर कंद कुजवणाऱ्या बुरशीला बसायला जागाच राहणार नाही.”

सरांनी चष्मा पुसला. “कल्पना चांगली आहे, म्हणूनच सांगतो, सोडून दे. तू मध घे. महाबळेश्वरच्या मधातले जीवाणू. पाच जण तेच करतायत. मळलेली वाट आहे.”

“मळलेल्या वाटेवर काय सापडणार, सर?”

“पदवी,” सर म्हणाले.

मधवाल्या पाचांपैकी एक मयूरी. ती वाईची, सरांच्याच आळीतली. प्रयोगाला आणलेला मध ती डब्यातल्या पोळीला लावून खायची, त्यामुळं तिचे नमुने नेहमी कमी पडायचे आणि महाबळेश्वरला वरचेवर जावं लागायचं. “ये गं आमच्यात,” ती राणीला म्हणाली. “तुझ्या मातीचं पोळीला काही करता येत नाही.”

राणी बधली नाही. शेवटी सरांनी तिला मुदत दिली. पुढच्या बैठकीत काचेच्या बशीत वाढलेला जीवाणू समितीला दाखवायचा. दाखवला, तर विषय तिचा. नाही, तर मुकाट्यानं मध.

शनिवारी ती वाडीला गेली. सोबत भट्टीत शेकून निर्जंतुक केलेल्या बाटल्या, तसाच निर्जंतुक चमचा आणि एक स्पिरिटचा दिवा. बिरोबाची पूजा तिच्या चुलत्याकडं, ज्योतिबाकडं होती. तिनं त्याला बनाच्या कडेलाच गाठलं.

“आण्णा, बनातली वंजळभर माती पायजे.”

“न्हाई मिळायची.”

“का?”

“का म्हंजे? बनातलं काय भायेर जात न्हाई. काडी न्हाई, पान न्हाई. ज्ञानूच्या आज्यानं बनातली एक फांदी नेली हुती चुलीला, तर त्याची निम्मी मेंढरं मेली.”

“त्या साली दुष्काळ हुता की.”

“मग दुष्काळ कुणी पाडला?” ज्योतिबानं विचारलं.

एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात याचं उत्तर नव्हतं. राणी दगडावर बसली. उठून जायचं नाही, एवढं तिनं ठरवलेलं होतं. पुढचं ठरवायला थोडा वेळ लागला.

“आण्णा, कपाळाला लावलेला भंडारा भायेर जातो की.”

“जातो. त्यो देवानं दिलेला असतो. आपुण नेलेला नसतो.”

“मग देवानं माती दिली तर?”

ज्योतिबा अडला होता, आणि अडलं की देवाला विचारायचं हे त्याचं ठरलेलं होतं. त्यानं देवाच्या उभ्या दगडावर डाव्या-उजव्या अंगाला ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर देव हो म्हणाला, डावं पडलं तर विषय संपला. अंबूबाई, म्हणजे ज्योतिबाची बायको, चहाची किटली घेऊन आली आणि तीही बघत बसली.

डावं पडलं.

“झालं,” ज्योतिबा म्हणाला.

“परत लावा,” राणी म्हणाली.

“आसं परत परत इचारतात व्हय?”

“आवं, लावा की,” अंबूबाई म्हणाली. “गेल्या साली मोटरसायकल घ्यायला तुमी किती येळा इचारलं, ठावं हाय मला.”

ज्योतिबानं परत फुलं लावली. परत डावं पडलं. राणी जागची हलली नाही. चहा संपला, ऊन कलत आलं. तिसऱ्या वेळी दोन्ही फुलं चिकटून बसली ती बसलीच. बऱ्याच वेळानं दगडामागून एक पाल निघाली, उजव्या अंगानं सरसर चढली आणि तिच्या शेपटीनं फूल खाली पडलं.

पालीचा निर्णय धरायचा की नाही, यावर चर्चा झाली. ज्योतिबाचं म्हणणं, ह्यो कौल बाद. अंबूबाईचं म्हणणं, पाल काय सांगलीस्नं आली न्हाई, बनातलीच हाय, म्हंजे देवाचंच माणूस. राणीनं अंबूबाईच्या म्हणण्याला शास्त्रीय आधार आहे असं सांगून टाकलं. तो कुठला, हे कुणी विचारलं नाही.

मग तिनं दिवा पेटवला, चमचा ज्योतीवरून फिरवला आणि वाकली.

“लोखंड लावायचं न्हाई,” ज्योतिबा म्हणाला. “देवाची माती हातानं द्यायची आसती.” आणि त्यानं पाची बोटं जमिनीत घातली.

“आण्णा, हात धुतला का?”

“देवाला लावताना धुतो. मातीला लावाय कशाला धुवायचा?”

पिवळी माती बाटलीत पडली. राणी बूच लावणार, तेवढ्यात ज्योतिबानं “बिरोबाच्या नावानं” म्हटलं, अंबूबाईनं “चांगभलं” म्हटलं, आणि मूठभर भंडारा राणीच्या डोक्यावर, खांद्यावर आणि उघड्या बाटलीत पडला. राणीनं डोळे मिटले. मग उघडले. हळद वाढली तर वाढली, तिनं विचार केला. जे कच्चं असेल ते मरेल, पक्कं तेवढं राहील. उलट बरंच. तिनं भंडाऱ्याची एक पुडीही मागून घेतली आणि सांगलीची एसटी धरली.

प्रयोगशाळेत तिनं जीवाणूंना खायला घालायची खीर शिजवली. तिथं तिला दुसरं नाव असतं, पण असते ती खीरच. त्यात तो भंडारा ढवळला, बशांमध्ये ओतला, घट्ट झाल्यावर वर मातीचं पाणी पसरलं. हळदीच्या जेवणावर जो जगेल तो आपला.

दोन दिवसांनी बशा उघडल्या तर आत जत्रा भरली होती. पांढरे, गुबगुबीत, एकमेकांना खेटून बसलेले ठिपके; बोट ठेवायला जागा नाही. मयूरी बघायला आली आणि पोळी खायची थांबली. सर आले, त्यांनी बशी उजेडाकडं धरली, आणि ‘तुझी माती’ म्हणणारे सर ‘आपला जीवाणू’ म्हणायला लागले. त्याला नाव काय द्यायचं हेही त्यांनी हळूच सुचवलं. त्या नावात निमिष होतं.

बातमी वाडीला पोचली. ज्योतिबाचा फोन आला. “पोरी, देवाच्या मातीत किडं निघालं म्हणत्यात. खरं हाय?”

“किडं न्हाईत आण्णा. चांगले हाईत ते. हळदीच्या उपेगाचे.”

“मग हरकत न्हाई. फ्लेक्स लावू?”

“आता न्हाई,” राणी म्हणाली. तिला चैन पडत नव्हतं. इतके? हळद खाऊन इतके बाळसेदार? कडू औषधावर वाढलेलं पोर असं दिसत नाही.

“सर, मला एकदा नुसता भंडारा तपासायचाय.”

“कशाला? बैठक सोमवारी आहे. चांगलं आलं की कारण विचारायचं नसतं, राणी. वाईट आलं की विचारायचं.”

“हळद आहे की नाही एवढंच बघते.”

“भंडाऱ्यात हळद नसेल तर काय असेल?” सर हसले आणि हात चोळत निघून गेले.

तिनं मोठं यंत्र वापरलं नाही. त्याच्यासाठी सरांची सही लागायची. प्रयोगशाळेचे शिपाई भाऊसो पायरीवर तंबाखू मळत होते. त्यांच्याकडून तिनं नखभर चुना घेतला. हळदीला चुना लागला की लाल होते, हे वाडीतल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. राणीलाही शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं, पीएच.डी.च्या वाटेवर ते कुठंतरी मागं पडलं होतं. आधी तिनं भाऊसोंच्या डब्यातल्या भाजीच्या रश्शाला चुना लावला. लाल झाला.

“माझं जेवन गं,” भाऊसो म्हणाले.

मग भंडाऱ्याला लावला. पिवळाच राहिला. आणखी लावला. अजून पिवळा. तिनं चिमूटभर जिभेवर ठेवला. मक्याचं पीठ होतं, त्यावर कसलातरी रंग. इतके दिवस तिचे जीवाणू हळदीशी झुंजत नव्हते, मक्याची भाकरी खात होते.

हे तिच्याशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं. भाऊसोंना रश्शाची काळजी होती. सोमवारी बशी समितीपुढं ठेवली असती, तर विषय तिचा झाला असता. राणीनं बशी ठेवली, शेजारी चुना लावलेला भंडारा ठेवला, आणि काय झालंय ते सगळं सांगितलं. निमिष सर खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर पार्किंग होतं.

समितीच्या अध्यक्षीणबाई क्षमा मॅडम. त्यांनी बराच वेळ काही लिहिलं आणि खोडलं. “मग आता काय?”

“भेसळीचा भंडारा अलीकडचा असणार, मॅडम. पूर्वी लोक घरची हळद न्यायचे. वरची माती मक्याची, पण खालची जुनी माती हळदीचीच. मला खोल खणू द्या. एक संधी.”

“मध तयार आहे,” सर खिडकीकडं बघतच म्हणाले.

“एकच संधी,” मॅडम म्हणाल्या. “नाहीतर मध.”

राणी त्याच संध्याकाळी वाडीला पोचली. भंडाऱ्यात मका आहे, हे तिनं आधी ज्योतिबाला सांगितलं. तो रागावला नाही, विचारात पडला. “तरीच,” तो म्हणाला. “आलीकडं देव जरा मऊ झालाय.” पण खोल खणायला तो तयार होईना. वरची माती देणं वेगळं, देवाच्या पोटात हात घालणं वेगळं. राणी रात्रभर वाद घालून सकाळीही तिथंच होती. पुन्हा फुलं लागली. या वेळी उजवं पहिल्या झटक्यात पडलं. पालीची गरज लागली नाही.

खुरपं बाद, म्हणून हातानं खणणं सुरू झालं. अंबूबाईनंही हात लावला. पिवळी माती वीतभर गेली. खाली तांबडा मुरूम लागला. मुरमात खडी. खडीत एक तुटकी टाइल.

राणी उकिडवी बसून त्या टाइलकडं बघत राहिली. “आण्णा, हे काय?”

“भराव हाय,” ज्योतिबा सहज म्हणाला. “जत्रंला चारचाक्या याय लागल्या, चिखलात रुतायच्या. म्हणून तू शिकाय भायेर हुतीस तवा कमिटीनं बनातली जागा सपाट केली. टिपरनं भराव आणून टाकला.”

“हे मला आधी का न्हाई सांगितलं?”

“तू माती मागिटलीस. टिपरचं कुठं इचारलंस?”

“आन्‌ जुनी माती? ती कुठं गेली?”

“टिपर मोकळा कशाला जाईल? ती भरून घेऊन गेला की.”

राणीनं डोक्यावरचा पदरासारखा बांधलेला रुमाल सोडला. “बनातली काडी भायेर जात न्हाई म्हणालात ना? फांदी नेली तर मेंढरं मेली. टिपरभर माती गेली, तवा कौल लावला हुता?”

“कौल कशाला?” ज्योतिबा म्हणाला. “कमिटीचा ठराव हुता.”

अंबूबाई तोंडाला पदर लावून हसली. राणी हसली नाही. तिनं खड्डा बुजवला, हात झटकले आणि बाटल्यांची पिशवी खांद्याला अडकवली.

“टिपर कुठं गेला, ठावं हाय?”

“हायवेच्या कामावर. मीच बसून गेलो हुतो, वाट दाखवाय.”

“मग गाडी काढा.”

“आत्ता?”

“आत्ता. देवाची माती कुठंबी असू दे, देवाचीच हाय. मी न्हेनार हाय.”

ज्योतिबानं तिच्याकडं पाहिलं आणि निमूट मोटरसायकलला किक मारली. अंबूबाईनं मागून राणीच्या हातात भाकरी कोंबली. डाळिंबाच्या बागा मागं पडल्या, माळ आला, मग हायवे. ज्योतिबाला माती टाकलेली जागा नेमकी आठवत होती, त्यामुळं शोधावं लागलं नाही.

तिथं टोलनाका होता.