चांदीबरडचा जामीन

सकाळी नऊला मेणबत्तीची ज्योत बोगद्याच्या टोकाशी कोसळलेल्या दरडीकडे झुकली होती, आणि दुपारी तीनला दरडीपासून दूर. झुकाव दोन्ही वेळा सारखाच, बोटाच्या पेराएवढा. हेमाने वेळ, तापमान आणि हवेच्या दाबाचा आकडा वहीत उतरवला. नववा दिवस होता, आणि नऊही दिवस आकडे तेच सांगत होते.

त्याला कारण होतं. सकाळी हवेचा दाब चढतो, दुपारी उतरतो. बंद पोकळीला बारीक भोक असलं की ती तेवढी हवा आत ओढते आणि बाहेर सोडते. हे हेमाला कॉलेजात असल्यापासून ठाऊक होतं. उलगडत नव्हतं ते एवढंच, की ही पोकळी इतकी मोठी कशी. जुन्या नकाशाप्रमाणे दरडीपलीकडे बोगदा फक्त बारा फूट उरत होता. दरडीतल्या भोकातून येणाऱ्या हवेचा हिशोब केला, तर तिथे चारठाण्यातलं एखादं देऊळ सभामंडपासकट मावलं असतं. तिने हिशोब तीनदा तपासला आणि शेवटी वही मिटली.

१९७३ चा फेब्रुवारी होता. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिलेला. चारठाण्यापासून दीड कोसावरच्या या गावात खडी फोडायचं दुष्काळी काम संपत आलं होतं, आणि चांदीबरड नावाच्या टेकडीत खरंच चांदी आहे का, ते नक्की करायला भूगर्भ खात्याने हेमाला औरंगाबादहून पाठवलं होतं. बारा माणसं दरड उपसायला सोमवारपासून आत जाणार होती. त्यांचा पुढारी उद्धव.

टेकडीची जुनी फाइल उर्दूत होती. परभणीच्या एका म्हाताऱ्या कारकुनाने ती हेमाला वाचून दाखवली होती. फसली १३४७ साली, म्हणजे १९३८ च्या सुमारास, विहीर खोदताना तळाशी चांदीचा कण सापडला. निजाम सरकारच्या अधिकाऱ्याने टेकडीत साठ फुटांचा बोगदा मारला, आणि प्रत्येक नमुन्यात चांदी येत गेली. फसली १३५१ साली, म्हणजे १९४२ च्या सुमारास, छत बसलं. सात मजूर आत राहिले. त्याबद्दल फाइलमध्ये दोनच शब्द होते: काम मौकूफ, म्हणजे थांबवलं. पुढे १९६२ साली आणखी एक साहेब नमुने घेऊन गेला. पुन्हा चांदी.

हेमाला ते पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. इथला खडक म्हणजे लाव्हाचे एकावर एक चढलेले काळे थर. त्यांत बुडबुड्यांची भोकं असतात, भोकांत पांढरे स्फटिक असतात. चांदी बसायला खोलवरून उकळतं पाणी भेगांतून वर यावं लागतं, आणि तशी एकही शीर या टेकडीत नव्हती. दोन थरांच्या मध्ये होता तो हातभर लाल मातीचा पट्टा, चिमटीत धरला तर भुगा होणारा. बोगद्याचं छत नेमकं त्या पट्ट्यात होतं.

तरी तिने पाठवलेल्या तीन नमुन्यांचा अहवाल आला, त्यात चांदी होती. सोबत दहाव्या हिश्शाने तांबं. अशी चांदी खाणीत नसते, सोनाराकडे असते.

ती भिंग घेऊन परत आत गेली. डाव्या भिंतीत, छातीच्या उंचीवर, खडकातली काही भोकं लाल मातीने लिंपलेली होती. नमुन्यांसाठी तिने तीन भोकं फोडली होती, तीही पुन्हा लिंपलेली. माती अजून ओली होती, आणि तिच्यावर अंगठा उमटलेला होता. आतला तुकडा काढून तिने भिंगाखाली धरला. त्यावर कानशीचे ओरखडे होते. जोडव्याचा तुकडा होता तो.

बोगद्याच्या तोंडाशी आश्रुबा बसलेला असे. सत्तरीचा, निजामी अमदानीपासूनचा राखणदार. तिने तळहात पुढे केला तेव्हा तो आधी हसला. आमच्या बायकांची जोडवी तीन सायबांनी तपासली, म्हणाला, अन् एकालाबी पायातली ओळखू आली न्हाई. मग त्याने हळू आवाजात सांगितलं. विहीर असो की बोगदा, जमिनीच्या पोटात शिरताना माणूस बायकोच्या जोडव्याचा तुकडा भिंतीत ठेवतो. बाहेर आला की काढून घेतो. त्याला जामीन म्हणतात. भिंतीतले सात तुकडे आत राहिलेल्या सातांचे. साहेब लोक ते खरवडून नेतात, आणि बायका नवे बसवतात, कारण जामीन उठला तर माणसाची वाट बंद.

म्हणजे अधिकारी चांदीच्या मागे लागून बोगदा पुढे नेत गेला होता, आणि बोगदा जितका पुढे जाईल तितके नवे मजूर आत शिरताना नवी चांदी ठेवत गेले होते.

“पण मी आठ मोजले,” हेमा म्हणाली.

“आठवा तुमचा हाय, बाई. तुमी रोज आत जाता अन् काई ठिवत न्हाई. म्हून उद्धवची माय सरजाबाई ठिवती. तुमी भाईर आल्या की काढती.”

हेमाचे वडील परभणीत शिक्षक होते. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांच्या घरातून देव गेले, आणि ‘तसं असतंय’ हे उत्तरही गेलं. ती याच हवेत वाढली होती. तरी त्या दिवशी दुपारी काम आटोपून बाहेर आल्यावर ती सावलीत थांबली. सरजाबाई आली. उंच, काटक बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू. ती आत गेली आणि रिकाम्या हाताने परतली. हेमाने कारण विचारलं.

“तुमी अजून पुरत्या भाईर आल्या न्हाईत, माय,” सरजाबाई म्हणाली, आणि उतरणीला लागली.

ऊन अजून तापत होतं. हेमाने स्वतःचं मनगट धरून नाडी मोजली. एकशे चार.

शनिवारी तिने अहवाल लिहिला. चांदी नाही, छत धोक्याचं, बोगदा बंद करावा. तो तिने उद्धवला वाचून दाखवला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. चांदी नसली तर नसो, तो म्हणाला, दरड आम्ही तरी उपसणारच. त्याचा बाप त्या सातांत होता, आणि उद्धव तेव्हा पाळण्यात होता. बाकीचे अकराही त्याच्या शब्दावर आत शिरणार होते. “कागदानं मी थांबत न्हाई, म्याडम. आईनं सांगावं, थांबतो. एकतीस वर्षं झाली, ती हो म्हणंना अन् न्हाईबी म्हणंना.”

म्हणून हेमा त्यांच्या घरी गेली. सरजाबाई ओसरीवर ज्वारी निवडत होती. उद्धव अंगणात पहारीला धार लावत होता. हेमाने रुमालात बांधून आणलेला लाल मातीचा गोळा सुपाच्या कडेला ठेवला. छत हे आहे, म्हणाली. दरड पायथ्याला उपसली की आधार जाईल, आणि हे खाली येईल. किती वेळाने, ते सांगता येत नाही. येईल एवढं नक्की.

सरजाबाईने ढेकूळ चिमटीत धरलं. त्याचा भुगा झाला. 

“पलीकडं काय हाय?”

“हवा.”

“किती?”

खोटं बोलणं सोपं होतं. “फाइलीत आहे त्याच्यापेक्षा खूप जास्त,” हेमा म्हणाली. “का, ते मला कळलेलं नाही.”

“म्हंजी ती सातजणं चालत गेली फुडं,” सरजाबाई म्हणाली. तिला त्यात नवल वाटलं नाही. मग तिने जे सांगितलं ते हेमाने कुठल्या वहीत उतरवलं नाही. रोज दुपारी वारा बाहेर येतो तेव्हा ती दरडीतल्या भोकाशी जाऊन बसते. पहिल्या वर्षी विडीचा वास यायचा, त्याच्याच विडीचा. मग घामाचा. पुढं कधी कधी, लय लांबून, ओल्या केसांचा. “अन् औंदा दिवाळीपासून नुस्ता मातीचा येतोय.”

अंगणातला कानशीचा आवाज थांबला होता. उद्धव पहार टेकून उभा होता. डोक्यावरचे केस पांढरे व्हायला लागलेले. सरजाबाईने त्याच्याकडे पाहिलं, जणू वय मोजत असावी. तिचा नवरा आत गेला तेव्हा पंचविशीचा होता.

तिने सूप बाजूला सारलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

“उद्धवा, पहार ठिव,” ती म्हणाली. “सोमवारी तोंडाला भिंत घाला. तुजा बाप आता येत न्हाई.”