यादीतला एकच डोनखा

मित्रांनो, माझ्या डोक्यावर एक फट आहे. वीतभर लांब आणि करंगळीही शिरणार नाही इतकी अरुंद. आयुष्यभर माणसं माझ्याशी जे काही बोलली, ते त्या फटीतूनच. मी एक जुनी लाकडी मतपेटी आहे.

आयर्लंडच्या डोनेगल भागातल्या एका सुताराने मला देवदाराच्या फळ्यांतून घडवलं. काळा रंग दिला, दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या ठोकल्या. मग फटीवर मेण थापून त्याने मला पावसाच्या पाण्याच्या पिंपात बुडवलं. "ही बेटावर जाणार," तो बायकोला म्हणाला. "समुद्राने हिला गिळलं तरी आतले कागद कोरडे राहायला हवेत."

ते बेट म्हणजे इनिशलू. तिथलं मतदान किनाऱ्यावरच्या गावांच्या एक दिवस आधी होई, कारण समुद्राचा भरवसा नाही. मला मेणकापडात गुंडाळून होडीत बांधत. शेजारी एक पोलीस बसे, आणि बहुतेक वेळा त्याला होडी लागे. बेटावरची माणसं मात्र चर्चला जायचे कोट घालून मला घ्यायला खडकावर उभी असत. पहिल्या वर्षी माझ्या पोटात शहाण्णव कागद पडले होते.

पण असे दिवस थोडेच. एका मतदानापासून दुसऱ्यापर्यंत मी कोठारात पडून असे. कोळी माझ्या कडीला जाळं विणत. दर खेपेला बेटावर गेले की कागद कमी झालेले असत. घरंच्या घरं कामासाठी ग्लासगोला गेली. शाळा बंद पडली, आणि मतदानाच्या दिवशी तिच्याच रिकाम्या वर्गात मला ठेवू लागले. शेवटी सहा मतदार उरले. पोट रिकामं असलं की एकेका कागदाचा आवाज फार मोठा होतो.

त्या सहांत दोन डोनखा गॅलाहर होते. बेटावर सगळेच गॅलाहर, आणि घरांना नंबर नाहीत. म्हणून लोक एकाला शेमसचा डोनखा म्हणत, कारण त्याच्या बापाचं नाव शेमस. दुसरा केसांवरून तांबडा डोनखा. होडीच्या एका दोरखंडावरून दोघांचं भांडण झालं होतं आणि अकरा वर्षं बोलणं बंद होतं.

शेमसचा डोनखा पश्चिमेच्या टोकाला एकटा राहायचा. मतदानाच्या दिवशी तो दाढी करून सगळ्यांत आधी यायचा. ग्रॉन्याबाई या मतदान अधिकारी. त्या यादीतून मोठ्याने वाचायच्या, "डोनखा गॅलाहर!" तो ताठ उभा राहून म्हणायचा, "हजर आहे." मला वाटतं, त्याचं पूर्ण नाव कोणी मोठ्याने उच्चारावं, असे दिवस त्याच्या वाट्याला तेवढेच होते.

एका हिवाळ्यात तांबडा डोनखा आजारी पडला. बेटाला होडी लावायला धड धक्का नव्हता. आठ दिवस होडी लागली नाही, डॉक्टर आला नाही, आणि तो गेला. पुढच्या मे महिन्यात मतदान आलं. एका उमेदवाराने धक्क्याचा प्रश्न लावून धरला होता, म्हणून शेमसचा डोनखा पहाटेपासून शाळेच्या दारात उभा होता.

ग्रॉन्याबाईंनी यादीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"अहो डोनखा, तुमचं नाव दिसत नाही."

"नीट बघा बाई. चष्मा पुसा."

"म्हाताऱ्या, तू मेलास की काय?" होडीवाला कॉनल दारातून हसला. "मग खडकावर मघाशी मला शिव्या कोणी घातल्या?"

डोनखा हसला नाही. "शरद ऋतूत यादी पोस्टात लागली होती. मी स्वतः बघून आलो. डोनखा गॅलाहर, इनिशलू. स्वच्छ लिहिलं होतं."

"किती डोनखा होते?" बाईंनी विचारलं.

"एकच."

"आणि तांबडा?"

डोनखा हळू म्हणाला, "मला वाटलं, त्याचं नाव उडालं. बरं झालं म्हटलं मनात."

तेव्हा पोस्ट सांभाळणारी ब्रीद नावाची बाई पुढे आली. "तोही दुसऱ्या दिवशी येऊन यादी बघून गेला होता. तुझ्यासारखाच खूश होऊन गेला."

सगळ्यांना उलगडा झाला. कचेरीत कोणाला तरी वाटलं होतं की एकच माणूस दोनदा लिहिलाय, म्हणून एक नाव खोडलं गेलं. उरलेलं नाव दोघांनाही आपलंच वाटलं. तांबडा वारल्यावर तेही खोडलं. दोघांपैकी एकाने दुसऱ्याला नुसतं विचारलं असतं, तर तेव्हाच दुरुस्ती झाली असती. मुदत होती, अर्ज होता. आता काही इलाज नव्हता.

"धक्का मला माझ्यासाठी नको होता हो, तांबड्यासारखं कोणी जाऊ नये म्हणून हवा होता," डोनखा म्हणाला. त्याने माझ्या झाकणावर तळहात ठेवला. खरखरीत, गार हात. मग तो भिंतीशी बसून राहिला. त्या दिवशी मी चार कागद घेऊन परतले.

पण निघण्यापूर्वी ग्रॉन्याबाईंनी त्याच्याकडून नवा अर्ज भरून घेतला. नाव, जन्मतारीख, पत्ता, सही. बापाचं नावही समासात लिहिलं. "आणखी एक अर्ज द्या," तो म्हणाला. तांबड्याची मुलगी सोरखा ग्लासगोहून बापाच्या घरी राहायला आली होती. कॉनलने मला पुढच्या खेपेला होडीत बांधताना पोलिसाला सांगितलं, "म्हातारा अकरा वर्षांनी त्या उंबऱ्यावर गेला. तिने दार उघडलं तर म्हणे, 'पोरी, यादीत नाव आहे का तुझं?' ना नमस्कार, ना काही!"

ती खेप ऑक्टोबरातल्या मतदानाची होती. त्या दिवशी ग्रॉन्याबाईंनी वाचलं, "डोनखा शेमस गॅलाहर!" तो उठला. "हजर आहे." मग, "सोरखा गॅलाहर!" दोन कागद माझ्या पोटात लागोपाठ पडले. त्या मतदानात धक्क्याचा प्रश्न नव्हता. तरी ते दोघे आले.

ती माझी शेवटची फेरी. आता हलक्या प्लास्टिकच्या पेट्या आल्या आहेत. मी कोठारात आहे. धक्का झाला की नाही, डोनखा आहे की नाही, मला कोणी सांगायला येत नाही.

मित्रांनो, तुम्ही अठरा वर्षांचे व्हाल तेव्हा वेळेत नाव नोंदवा. यादी लागली की जाऊन बघा. पण आपलं नाव सापडलं म्हणून लगेच घरी पळू नका. शेजाऱ्याचंही शोधा. ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही, त्याचं तर आधी शोधा.

माझ्या फटीतून आता फक्त धूळ पडते. तिचा आवाज होत नाही.