रिकामी विंग

"पाठीवर काय वाहायचं ते वाहा, पण कमरेला शिशाचा पट्टा बांधायचा नाही म्हणजे नाही," डॉक्टरीणबाईंनी पोटाचे टाके तपासता तपासता बजावलं, आणि चिमी ताडकन उठून बसली. त्यासरशी नेमके टाकेच ओढले गेले.

चिमी म्हणजे काही लहान पोर नव्हे. वय वर्षं एक्कावन्न. अंगानं बारीक चणीची म्हणून लहानपणी चिकटलेलं नाव तसंच राहिलं, एवढंच. बावीस वर्षं ती मत्स्यालयाच्या मोठ्या टाकीत उतरत होती. टाकी सात मीटर खोल. पाठीवर सिलिंडर घेऊन खाली जायचं, खडकांवरचं शेवाळ घासायचं, काच पुसायची, पाकटांना हातानं भरवायचं. पाणी माशांना मानवेल इतकं गार, म्हणून अंगात जाड रबराचा सूट. आता रबर पडलं हलकं, ते माणसाला बुचासारखं वर ढकलतं. म्हणून कमरेला शिसं. शिसं नाही तर बुडणं नाही, आणि बुडणं नाही तर काम नाही. सरळ हिशेब होता.

टाकीचा कारभार बघणाऱ्या मॅडमनी तो हिशेब आणखी सरळ केला. त्या वाईट नव्हत्या, पण सगळ्या गोष्टी यादी करून करायच्या. "आठ दिवस देते," त्या म्हणाल्या. "पट्ट्याशिवाय उतरा. चाळीस मिनिटं तळ घासून दाखवा. गुडघा टेकायचा नाही, पोवळ्यांच्या जिवंत खडकाला धक्का लावायचा नाही, कुणाचा हात घ्यायचा नाही. जमलं तर टाकी तुमची. नाही जमलं तर एक तारखेपासून तिकीट खिडकी. पत्र टाइप करून ठेवलंय."

तिकीट खिडकी! बावीस वर्षं माशांच्या तोंडाकडे बघितलेल्या बाईनं आता सुट्टे पैसे नाहीत म्हणणाऱ्यांची तोंडं बघायची. चिमीनं मनाशी म्हटलं, बघतेच कोण बसतं त्या खिडकीत.

ती तडक ताईच्या दुकानात गेली. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, आणि दुकान पाणबुड्यांच्या सामानाचं. चालवायचे दाजी, पण चालायचं ताईच्या मतानं.

"बरं झालं," ताई म्हणाली. "पन्नाशी उलटली. बस आता कोरडी."

"तू गप गं," दाजी म्हणाले. मेव्हणी दुकानात आली की त्यांच्या अंगात विक्रेता संचारायचा. "कमरेला नको ना? मग पाठीला देऊ. बॅकप्लेट!"

त्यांनी काउंटरवर दोन पत्रे ठेवले. पाठीच्या आकाराचे, मधे कण्यासाठी पन्हळ काढलेले, खांद्याचे पट्टे ओवायला भोकं पाडलेले. एक ॲल्युमिनियमचा, किलोभराचा. दुसरा स्टीलचा, तीन किलोंचा. चिमीनं दोन्ही पाठीला लावून बघितले. तिच्या पाठीवर ते जेमतेम मावत होते, पण टोचत कुठं नव्हते.

"स्टीलचा घे. तीन किलो शिसं तिथंच वाचलं. उरलेलं पाच किलो पाठीमागं बोल्टनं आवळू. आणि ह्यावर विंग." विंग म्हणजे प्लेट आणि सिलिंडर यांच्यामधे बसणारी हवेची पिशवी. तिच्यात सिलिंडरमधली हवा भरली की माणूस वर, सोडली की खाली. भिंतीवर दोन टांगलेल्या होत्या. एक घोड्याच्या नालेसारखी, वीस किलो उचलणारी. दुसरी कड्यासारखी गोल, सगळीकडून जोडलेली, पण दहाच किलोंची.

"मोठीच घे," पहिलवान म्हणाला. हा चिमीचा टाकीतला जोडीदार, तिच्या मागोमाग दुकानात आलेला. चाळिशीचा, दारातून जरा तिरकाच आत येणारा गडी. "चिमाताई, माझी बघा की. स्टीलची प्लेट, शिसं सगळं मागं आवळलेलं, विंग वीसची. बारा वर्षं झाली, हूं की चूं नाही. जास्त उचलते ती जास्त सुरक्षित. ह्यात डोकं काय लावायचं?"

"लहान विंग चालणारही नाही," दाजींनी दुजोरा दिला. "ओझं घेऊन शिडी उतरायची म्हणजे पोटावर ताण, ते तुला आता जमायचं नाही. सामान पाण्यातच अंगावर चढवणार ना? मग ते आधी एकटं तरंगायला हवं. प्लेट, शिसं, भरलेलं सिलिंडर मिळून साडेदहा किलो खाली ओढतंय. दहाची विंग ते घेऊन तळाला जाईल."

बोलणं बिनतोड होतं. दुकानामागं दाजींची सरावाची टाकी होती, विहिरीसारखी अरुंद पण चांगली सहा मीटर खोल. चिमी वीसची विंग घेऊन उतरली. पहिली पाच मिनिटं नुसता वैताग. एका सिलिंडरला ती विंग फार मोठी, तिचे दोन्ही काठ वर वळून सिलिंडरला मिठी मारत होते, आणि हवा एका कुशीत गेली की चिमी दुसऱ्या कुशीवर. पण बाई बावीस वर्षांची मुरलेली. हवा बेतानं भरली, श्वास बसवला आणि तळापासून वीतभर वर आडवी झाली. गुडघे वर, पोट मोकळं, टाक्यांवर कसला दाब म्हणून नाही. मास्कच्या आत तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जमलं होतं की!

मग तिनं एक गोष्ट केली. कुणी सांगितली नव्हती. झडपेची दोरी ओढून विंगमधली सगळी हवा सोडून दिली.

पिशवीच ती. एखाद्या दिवशी फाटेल, झडप अडकेल, मग काय? पूर्वी उत्तर सोपं होतं. पट्ट्याची कळ दाबायची, शिसं खाली, आपण वर. पण आता शिसं पाठीला बोल्टनं आवळलेलं. ते पाण्यात कोण सोडवणार? चिमी पाय मारू लागली. दोनदा, दहादा, वीसदा. हातभर वर गेली आणि परत खाली आली. खाली जाड रबर दाबलं जातं, त्याची तरंगण्याची ताकद बरीच घटते, आणि शिसं मात्र तेवढंच राहतं. शेवटी भिंतीची साखळी धरून ती वर आली आणि काठावर धापा टाकत बसली.

"नाकापेक्षा मोती जड झालाय, दाजी."

"अगं, पण मॅडमच्या यादीत हे आहे का?" दाजी म्हणाले. "नाही ना? चाळीस मिनिटं तळ घास, पास हो, मोकळी हो. कोण बघायला येतंय?"

"आणि विंगा काय रोज फाटतात?" पहिलवान म्हणाला.

खरं सांगायचं तर चिमीच्या मनानं एकदा उचल खाल्लीच. कोण बघतंय? पास झालं की खिडकीचं पत्र रद्द. पण साखळी धरून वर येताना छातीत जी धडधड झाली होती ती अजून थांबली नव्हती. मोठ्या टाकीत मधोमध साखळी कुठून आणणार? "असल्या सामानावर मी उतरणार नाही," ती म्हणाली. "आणि खिडकीतही बसणार नाही. आणखी बघू."

पुढचे तीन दिवस तिनं दाजींचं डोकं खाल्लं. स्टील काढ, ॲल्युमिनियम लाव. मग दोन किलो शिसं वाढव, कारण प्लेट हलकी झाली. म्हणजे पुन्हा तेच. नालेची विंग काढ, गोल लाव. गोल विंग सुरेख, हवा दोन्हीकडे सारखी फिरते, माणूस कलत नाही, पण तिला हे ओझं पेलत नाही. ओझ्यासाठी मोठी विंग, विंग आहे म्हणून ओझ्याची पर्वा नाही. दाजी घामाघूम झाले. "मेव्हणी आहेस म्हणून सोसतो," ते म्हणाले. "गिऱ्हाईक असतीस तर दुकान बंद करून पळालो असतो."

चौथ्या दिवशी सकाळी चिमी काउंटरसमोर नुसती उभी राहिली. प्लेट, विंगा, शिशाचे तुकडे, सगळं ओळीनं मांडलेलं. आणि बाजूच्या खुर्चीवर तिचा जाड सूट, पाणी निथळत पडलेला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"अहो दाजी, आपण काय येडे आहोत का?" ती एकदम ओरडली. "रोग रेड्याला आणि औषध पखालीला! हे शिसं कशाला लागतंय? ह्या सुटाला बुडवायला! मी कुठं तरंगतेय? हा तरंगतोय. ह्यालाच काढा!"

दाजींनी कपाळावर हात मारला. तीस वर्षं प्लेट आणि विंगा विकणाऱ्या माणसाच्या ध्यानात ही गोष्ट आली नव्हती.

पातळ सूट आला. पाण्यात वजन बघितलं तर पाठीची नुसती स्टीलची प्लेट पुरे झाली. शिसं एक तुकडाही नको. सामान साडेपाच किलोंवर आलं, दहाच्या गोल विंगेनं ते हसत उचललं. चिमीनं तळाला जाऊन विंग रिकामी केली आणि पाय मारले. जड गेलं, पण ती वर आली.

वर आली ती दातांवर दात वाजवत. ताई टॉवेल घेऊन उभी होती, आणि तिचा चेहरा लाल झाला होता.

"गारठून मरायचंय का तुला? त्या बर्फात ह्या कागदात जाणार?"

"चाळीस मिनिटं निघतात. मग वर येईन, ऊब घेईन, पुन्हा जाईन."

"पण कशासाठी? कुणासाठी?" ताईचा आवाज फुटला. "तुला आत कापत होते तेव्हा तू झोपली होतीस. बाहेर बाकावर मी बसले होते, चिमे. पाच तास. मला पुन्हा तसं बसायचं नाही."

चिमीनं तिचा हात धरला. स्वतःचा गार पडलेला होता, तरी धरला. "मला तिथंच बरं वाटतं गं, ताई. खिडकीत बसून मी मरणार नाही, पण मला करमणार नाही. आणि तुला पुन्हा बाकावर बसावं लागू नये म्हणूनच तर चार दिवस हा जीव काढतेय."

ताईनं हात सोडवून घेतला. तिनं टॉवेल चिमीच्या डोक्यावर जोरजोरात घासला. इतक्या जोरात की माया होती का राग, ते दोघींनाही कळलं नसेल.

परीक्षा आठव्या दिवशी सकाळी झाली, दारं उघडायच्या आधी. मॅडम काचेपलीकडे घड्याळ आणि यादी घेऊन बसल्या. पहिलवान राखणीला पाण्यात. चिमी तळाशी वीतभर अंतर राखून सरकत होती, ब्रश चालवत होती. दहा मिनिटांनी बोटं बधिर झाली. वीस मिनिटांनी जबडा थडथडायला लागला, तेव्हा तोंडातली नळी तिनं दातांनी करकचून धरली. पाकट येऊन हाताला घासून गेलं, नेहमीसारखं, खायला आहे का बघायला. चाळिसाव्या मिनिटाला काचेपलीकडे मॅडमनी अंगठा वर केला. गुडघा टेकला नव्हता, खडकाला धक्का नव्हता, कुणाचा हात लागला नव्हता. झालं होतं. पास!

चिमीनं काचेकडे बघून एक बोट उभं केलं, थांबा म्हणून. आणि दोरी ओढली. विंगमधून बुडबुड्यांचा लोंढा निघाला. पिशवी पाठीला चपटी झाली आणि चिमी तळाकडे निघाली.

तिनं छाती भरून घेतली आणि पाय मारायला सुरुवात केली. मीटर, दोन मीटर. श्वास सोडत, घेत, पाय मारत. निम्म्यावर पोटाच्या डाव्या अंगाला असा पेटका आला की तिचे पाय जागीच थांबले. ती खाली सरकू लागली. पहिलवान झेपावला, हात पुढं केला. चिमीनं डोळे वटारले आणि बोट हलवलं. नाही! लावू नकोस! तो हात तसाच अधांतरी राहिला. तिनं एक लांब श्वास घेतला, दुखणाऱ्या बाजूला विसावा देऊन आधी एकच पाय मारायला लागली, मग दोन्ही, आणि डोकं पाण्याबाहेर निघालं.

मॅडम धावत वर आल्या होत्या. "हे कुणी सांगितलं होतं? माझ्या यादीत नव्हतं हे!"

"तुमच्या नव्हतं, माझ्या होतं," चिमी म्हणाली. ओठ निळे, शब्द थरथरत. "विंग फाटेल तेव्हा तिथं यादी नसणार, मॅडम. मी असणार."

पहिलवान पाण्यात हसला. "त्यात काय एवढं? मी आत्ता करून दाखवतो." आणि कुणी काही म्हणायच्या आत तो खाली गेला.

काठावरून सगळं दिसत होतं. त्यानं हवा सोडली. दगडासारखा तळाला गेला, गुडघ्यांवर आपटला. पाय मारायला लागला. त्या मांड्यांमधे बैलाची ताकद होती, तळाची वाळू उसळून ढग झाला, मासे पांगले. तो जागचा हलला नाही. पुन्हा मारले. पुन्हा. चिमी मास्क चढवून निघालीच होती, तेवढ्यात त्याचा हात हवा भरायच्या कळीकडे गेला, विंग फुगली आणि तो वर आला.

काठाला धरून तो बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. मॅडमनी यादीची घडी केली.

"बाकीच्या चौघांचं सामान तुम्हाला कधी बघता येईल?" त्यांनी चिमीला विचारलं. आवाज खाली आला होता. "ठरवाल ते तुम्हीच ठरवा. पत्राचं मी बघते."

"उद्यापासून," चिमी म्हणाली.

पहिलवानानं मान वर केली. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "बारा वर्षं, चिमाताई," तो म्हणाला. "रोज. माझी लेक तिसरीत आहे."

चिमीचे दात अजून वाजत होते. तिनं त्याच्या पाठीमागचे बोल्ट बोटांनी चाचपले. बोटं इतकी बधिर की एकही हाताला लागेना.

"रडू नकोस, बाहेर ये," ती म्हणाली. "आणि कुणीतरी पाना आणा."