लोकर खपवायची कुठं

आमी सारे पहिल्यांदा मतं टाकाले गेलो, त्याच हिवाळ्यातली गोष्ट. गोंदियाच्या बाजारात मी कंदिलाची काच घ्याले गेली आन् लोकर घेऊन आली. डोकं फिरलं होतं माझं, दुसरं काय. मुन्नालालच्या दुकानात पिवळ्या लोकरीच्या लडी टांगल्या होत्या. "माई, हाथ लगाके देखो, बच्चे के लिए एकदम नरम," तो बोलला. मी हात लावला आन् तिथंच फसली.

आमच्या गावच्या, कामठ्याच्या रस्त्याले लागल्यावर पिशवीत पाहिलं आन् भानावर आली. माझी सून शामकला पोटुशी होती. तिची आधीची दोन लेकरं गेली. दुसऱ्याच्या वेळेस मी हौसेनं आधीच झबलं शिवून ठेवलं होतं, ते त्याच्यासंगंच मातीत गेलं. आमच्यात मूल हाती येईपर्यंत त्याच्या नावानं सुईत दोरा ओवत नाहीत. मले हे काय माहीत नव्हतं? तरी बी घेतली.

"माय, हे कायले?" बैलबंडी हाकता हाकता माझ्या लेकानं, खुशालनं, विचारलं.

"शंकरपटाच्या शर्यतीत पळनाऱ्या बैलायले गोंडे करीन," मी ठोकून दिलं.

आता बोलली तर करनं आलं. गोंडे केले. जोडी नवरदेवावानी दिसे, खुशाल खूश. पन लोकर काही संपेना. घरात ती पडून राहिली तर कोनाची तरी नजर तिच्यावरून शामकलाच्या पोटावर जाईल, या भेवानं मले जेवन गोड लागेना. मंग भाचीच्या वेनीले फुंदे केले. देवाच्या पाटाले किनार केली. पूस महिन्याच्या थंडीत मी हातपंख्याले झालर लावत बसली, आता बोला. खुशाल म्हने, "माय, जात्याले बी घाल एखादं टोपडं." तो शब्द ऐकला आन् मी अशी खेकसली का तो उठून वावरात निघून गेला.

शामकला हे सारं पाहे. तिचं खानं कमी होत गेलं. मले वाटे, दिवस भरत आले, असेल जिवाले जड.

एक दिवस दुपारी मी उरलेली लोकर घेऊन आंगनात बसली होती. सुपाले काही लावता येते का, पाहून राहिली होती. शामकला समोर येऊन बसली.

"आत्याबाई, बैलाले झालं, पंख्याले झालं. माझ्या लेकराले काऊन नाही?"

"गप राय. तोंडातून काढू नोको."

"तुमच्या मनात हे बी गेलंच आहे," ती हळूच बोलली. "म्हनून तुमी लोकर खपवून राहिल्या. दिवसभर लाथा मारते हे आतून. घरात कोनी त्याचं नाव घेत नाही. त्याची वाट मी एकटीच पाहून राहिली."

 मी तोंड शिवून बसली ते त्याच लेकरासाठी, आन् हिले वाटलं म्हातारीनं आशा सोडली. मले भेव वाटते, असं तिले कोनत्या तोंडानं सांगू? तिले काय कमी वाटत असेल? भेव माझं, आन् त्यात एकटी पडली ती.

"हात पुढं कर," मी म्हनलं. तिच्या दोन्ही हातांत लड अडकवली आन् लोकर गुंडाळून तिचा गुंडा करू लागली.

तेवढ्यात शेजारची निर्मलाबाई कुंपनावरून डोकावली. बाई चांगली, पन तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. "काय विनून राहिल्या, बाई? कोनाले?"

 बैल, पंखा, सूप, सारं तोंडावर आलं. शामकला माझ्याकडं पाहून राहिली होती.

"टोपडं," मी म्हनलं, साऱ्या गल्लीले ऐकू जाईल असं. "आमच्या शामकलाच्या लेकराले. माघात येऊन राहिलं ते."

निर्मलाबाईनं तोंडावर पदर घेतला. माझ्या हातून गुंडा सुटून आंगनात घरंगळला. मी तो उचलून आनला तरी शामकलाचे हात तसेच पुढं होते.

"गुंडाळा, आत्याबाई," ती म्हने. "मी धरून आहो."