भरमूअण्णाचा हेल

हरण्या आणि कोशा विहिरीच्या धावेच्या माथ्यावर उभे होते ते उभेच. मोट खाली विहिरीत भरली होती, तिला बांधलेला नाडा ताणला होता आणि बैल उतारावर पाऊल टाकत नव्हते. मी चकचक केलं, शेपट्या पिळल्या, शेवटी आसूड ओढला. हरण्यानं पाठीचं कातडं नुसतं थरथरवलं. कोशा तर जू मानेवर घेऊन खालीच बसला.

बांधापलीकडून ज्योतिबा ओरडला, "आरं रवळू, हाणतोस कशाला? आसडाला भ्यायला ती काय सरकारी घोडी हाईत? गाणं म्हन की त्येंच्यासमूर!"

"मला येत न्हाय."

"येत न्हाय कसं? सहा वरीस भाऊ तुज्या कानाशी वरडत हुता की!"

"मी खाली वाफ्यात पाण्याची दारं मोडत हुतो. ध्यान पाण्याकडं."

"मग दुसरं काय बी म्हन. मारुतीची आरती म्हन."

मी खरंच आरती म्हटली. दुसरं काही येत नव्हतं. कोशानं कान हलवले आणि बसल्याबसल्या शेण टाकलं. ज्योतिबा हसायला लागला आणि मधेच थांबला. त्या दिवसांत हसू कुणाच्याच तोंडात फार वेळ टिकत नव्हतं. त्याच्याही घरातून दोन माणसं गेली होती.

ते मानमोडीच्या तापाचं साल. पंचमीनंतर पाऊस गेला तो गेलाच. जोंधळा गुडघ्याएवढा होऊन वाळला. आश्विन लागला आणि निपाणीच्या बाजारातून ताप वाडीत आला. तीस घरांची आमची वाडी. पंधरा दिवसांत खांदा द्यायला चार माणसं जमेनात अशी दशा झाली. माझा थोरला भाऊ भरमूअण्णा पाच दिवस पडून होता. चौथ्या दिवशी भर दुपारी त्याला भ्रम झाला, आणि घोंगड्यावर पडल्यापडल्या तो मोटेवरचं गाणं म्हणायला लागला. घसा फाटलेला, तरी हेल तोच. पलीकडं गोठ्यात दोन्ही बैल उठून उभे राहिले आणि दावं ताणून मागं सरायला लागले, मोट विहिरीत सोडताना सरतात तसे. अण्णाशेजारी मालूवैनी, त्याची बायको, तापानं फणफणलेली पडली होती. सतरा वर्षांची पोर, लग्नाला दोन वर्षं झालेली. ती डोळे मिटून ऐकत होती. पाचव्या दिवशी अण्णा गेला. वैनी तापातून उठली.

बैल अण्णानं चिंचलीच्या जत्रेतून आणलेले. कानडी मुलखातली जनावरं, आमची बोली त्यांना कळेना. अण्णा म्हणाला, "बोली शिकवीत बसायला येळ कुनाला हाय? हेल शिकवतो." त्यानं स्वतःच चार ओळी जुळवल्या. पहिल्या ओळीला बैल मागं सरायचे, दुसरीला थांबायचे, तिसरीला मान घालायचे, आणि चौथीचा शेवट त्यानं लांबवला की धावेवरून असे उतरायचे, की नाड्यावर बसलेला अण्णा पाळण्यात बसल्यासारखा दिसायचा.

चाक बोलं कुरूकुरू, पानी हाय पाताळात,
सांगा कुनी घरधनिनीला, दीस आला लिंबावर,
भाकरीवर मीठ ठेव, कांदा फोड बुक्कीनं,
चल माझ्या हरण्या राजा, शेवटाचा वाफा ऱ्हायला रंऽऽ

दुसरी ओळ बैलांपेक्षा वैनीसाठीच होती; लग्नानंतर त्यानं त्या ओळीचे शब्द बदलले होते, हेल तोच ठेवला होता. घर टेकावर, विहीर खाली. तिला घरातून सगळं ऐकू जायचं. न्याहारीची वेळ झाली की अण्णा दुसरी ओळ चढवून म्हणायचा. ती भाकरीची बुट्टी डोक्यावर घेऊन निघायची. बायकोला असं उघड्या रानात हाक घालतो म्हणून वाडीतले लोक त्याला हसायचे. त्याला त्याचं काही नव्हतं.

आता रानात एकच हिरवी जागा उरली होती, विहिरीखालची पंधरा गुंठे मका. विहिरीला पाणी होतं. ही मका आली तर तीन माणसं पुढच्या पावसापर्यंत जगणार होती. नाही आली तर मानमोडीनं ठेवलेली तीन माणसं उपासानं जाणार होती. बैल विकून दुसरे घ्यावेत तर अशा साली बैल घेतो कोण! चारा घालायलाच कुणाकडं काही नव्हतं.

त्या दिवशी मी बैल सोडून घरी आलो. आई चुलीपुढं होती. वैनी भिंतीला टेकून ज्वारीचे चार दाणे निवडत होती.

"वैनी, अण्णाचं गाणं तुमास्नी समदं येतंय?"

 आईनं फुंकणी खाली ठेवली.

"रवळू, तोंड सांबाळ. वरीस फिरल्याबिगर मेल्या माणसाचं गाणं घरात कुनी काढत न्हाय. ठावं न्हाय तुला?"

आमच्याकडं ही रीत होती. मेलेल्या माणसाचं लाडकं गाणं वर्षभर कुणी तोंडात घ्यायचं नाही. ते ऐकून तो अर्ध्या वाटेवरून माघारी फिरतो आणि इथलाही राहत नाही, तिथलाही राहत नाही, असं म्हणायचे.

"मग मका जळूं दे?" मी म्हणालो. "आज कोपऱ्यातली पानं सुरळी झाल्यात. आनि चार दीस, की संपलं."

 वैनी हातातले दाणे खाली ठेवत म्हणाली, "आत्याबाई, गाणं ऐकून त्ये माघारी येत्यात म्हनं?"

"म्हंत्यात तसं."

"मग येऊं द्या की."

आईनं पदर तोंडाला लावला. वैनीनं खालमानेनं चारी ओळी मला सांगितल्या, बाजारातून आणायचं सामान सांगावं तशा, सपाट. मी पाठ केल्या. सकाळी बैलांपुढं म्हटल्या. बैल ढिम्म. त्यांना शब्दांशी काय करायचं होतं! मी परत आलो.

"शबुद चालत न्हाईत, वैनी. हेल पायजे. गाऊन दावा."

तेव्हा ती रडली. अण्णा गेला त्या दिवशी ती एवढी रडली नव्हती.

"भावजी, त्येंचा हेल एवढाच ऱ्हायलाय माज्यापाशी. धोतर आत्याबाईंनी दिऊन टाकलं. पागुटं त्येंच्यासंगट गेलं. डोळं झाकलं की त्ये नाड्यावर बसून गाताना ऐकूं येत्यात, आनि मग मला झोप लागती. त्यो बी तुमी बैलाच्या दाव्याला बांदनार?"

 मी बाहेर गोठ्यात जाऊन बसलो. हरण्याच्या पाठीवर माझ्या आसडाचे वळ उठले होते. थोड्या वेळानं ती दारात येऊन उभी राहिली.

"बैल जुपा," म्हणाली. "घरात न्हाई गायची मी. तितंच गाते."

ती थारोळ्यापाशी उभी राहिली, जिथं मोट येऊन ओतते तिथं. मी नाड्यापाशी, आई वाफ्यात दारं मोडायला. वैनीनं कपाळावरनं पदर पुढं ओढला आणि पहिली ओळ काढली. आवाज बारीक, कापरा, पण प्रत्येक वळण त्याच जागी. हरण्यानं कान टवकारले. दोघं मागं सरले. तिसऱ्या ओळीला मान घातली, आणि चौथीचा शेवट तिनं लांबवला तसे धावेवरून निघाले. मी धांदलीत नाड्यावर बसायचंच विसरलो. मोट वर आली, थारोळ्यात बदाकदिशी पाणी पडलं, वैनीच्या पायावर उडालं. खालून आई ओरडली, "आलं गं बाई, आलं!"

वैनी मात्र टेकाच्या वाटेकडं बघत होती. दुसऱ्या ओळीला नेहमी त्या वाटेनं ती स्वतःच यायची. आता गाणारीही तीच होती, आणि वाट मोकळी होती.

त्या दिवशी चाळीस मोटा झाल्या. म्हणजे चाळीस वेळा गाणं.

मी शिकायचा फार प्रयत्न केला. महिन्याभरानं मला बऱ्यापैकी यायलाही लागलं. पण बैलांचा कान आता तिच्या आवाजावर बसला होता. मी गायलो तर चार मोटा ओढायचे आणि पाचवीला उभे राहायचे. तेव्हा रोज सकाळी तिनंच यायचं असं ठरून गेलं.

वाडीतल्या बायका पाणवठ्याला जाताना थांबायच्या. रुक्माबाई तर मुद्दाम मोठ्यानं बोलायची.

"बघा गं, कपाळ पांढरं आनि गळा मोकळा!"

दुसरी म्हणायची, "नवरा जाऊन दोन म्हैनं न्हाईत, आनि बाई मोटंवर गाती!"

ज्योतिबानं एकदा त्यांना बांधावरून झाडलं, "तुमच्या घरात कनगी भरलीया वाटतं. जावा, दळा जावा." पण वैनीनं मान वर केली नाही. दुसरी ओळ चालली होती, ती तिनं संपवली.

मला अक्षरं फार उशिरा आली, हातापायातलं बळ गेल्यावर. तेव्हा कोणत्या तिथीला काय झालं ते कुठं लिहिलेलं नाही. पण त्या वर्षातलं सगळं मला त्या चार ओळींवर सापडतं. पहिली ओळ म्हटली की पौषातली सकाळ आठवते. नाडा तुटला, त्याचं टोक वैनीच्या हाताला लागून तळवा फाटला, आणि ती हात पदरात गुंडाळून ओळ पुरी करत राहिली, कारण बैल अर्ध्यात होते. दुसरीवर रुक्माबाई आणि तिच्या घागरी. तिसरीवर आई, वाफ्यातल्या चिखलात तोंडावर पडलेली. भाकरी, मीठ, कांदा ही नावं ऐकायची आणि पोटात दोन दिवस अंबाडीचा पाला. चौथीवर वैनीचा खोकला. माघात तिचा गळा बसला, तरी ती खरखरत्या आवाजात शेवट लांबवायची, आणि ओढताना छाती धरायची.

मका आली. फाल्गुनात कणसं खुडली. फार नव्हती, पण आली. मकेमागं मिरची लावली, मिरचीला पाणी, मग पुन्हा गाणं. उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला तेव्हाच काय ते महिनाभर बंद पडलं. आषाढात पाऊस झाला आणि लोकांचे जीव खाली पडले. आम्ही तिघं जगलो. आई म्हणायची, "मालूनं जगवलं आमास्नी." वैनी ते ऐकून उठून जात्याकडं जायची. ती बोलणंच कमी करत चालली होती. दळताना पूर्वी ओव्या म्हणायची. आता नुसतं जातं घरघरायचं.

आश्विनात अण्णाचं वरीस आलं. विहिरीवर पिंड ठेवला. कावळा लवकर शिवला. आईला बरं वाटलं. "माजा ल्योक वाटंला लागला," म्हणाली. चार भाऊबंद जेवून गेले. दुपारी मी ओसरीवर बसलो होतो. वैनी येऊन खांबापाशी बसली.

"भावजी, आता वरीस फिरलं. घरात म्हनलं तरी चालतंय न्हवं?"

"चालतंय की."

"मग एकदा म्हना. तुमचा गळा त्येंच्यावानीच हाय. समदी म्हंत्यात."

"तुमी रोज म्हंताय की, वैनी."

"त्येच तर." ती जमिनीकडं बघत म्हणाली. "मला आता त्ये ऐकूं येत न्हाईत. डोळं झाकलं की पयली ओळ येती, पर माजीच येती. त्येंचं तोंड बघाय जावं तर बैलांची बुडं दिसत्यात. आत्याबाई म्हनल्या हुत्या, गाणं ऐकून माणूस माघारी येतंय. मी म्हनून बघितलं, भावजी. रोज चाळीस बाऱ्या म्हनलं. येतंय कसलं! रोज उलटं जराजरा लांब गेलं. आता पार दिसंना. तुमी एकदा म्हना, त्ये म्हनायचं तसं. मी नीट ऐकून ठेवते. फिरून कंदी मागायची न्हाई."

मी घसा साफ केला. अण्णाला डोळ्यांपुढं आणला, नाड्यावर बसलेला, पागोटं मागं सरकलेलं. जीव ओतून म्हटलं. एक ओळ, दोन, तीन. वैनी डोळे मिटून बसली होती. चौथीचा शेवट मी लांबवला, आणि तो लांबवताना मला आपोआप मधे एक श्वास घ्यावा लागला, बारीक, छाती धरल्यासारखा.

वैनीनं डोळे उघडले.

"ह्यो न्हवं," ती म्हणाली. "ह्यो माजा हेल. माघात गळा बसल्याला, तवाचा."

तेव्हा मला कळलं. मी गाणं तिच्याकडून शिकलो होतो. तिचा खोकलासुद्धा शिकलो होतो. सहा वर्षं मी वाफ्यात उभा होतो, आणि माझं ध्यान पाण्याकडं होतं. अण्णाचा हेल जगात एकाच माणसाजवळ होता, आणि तो आम्ही मकेला पाजला होता.

"आनि एकदा म्हनून बघू?"

"नगा."

गोठ्यात हालचाल झाली. हरण्या आणि कोशा उठून उभे राहिले होते, आणि दावं ताणून मागं सरत होते. वैनी त्यांच्याकडं बघत राहिली.

"त्येंच्या तरी ध्यानात असंल काय हो, पयला हेल?" तिनं विचारलं.

ती उठली. पदर खोचला. "मिरचीला उद्या पानी द्यायचं न्हवं? पानं माना टाकाय लागल्यात. सकाळी लौकर जुपा."

सकाळी मी बैल जुंपले. आई वाफ्यात जाऊन उभी राहिली. वैनी थारोळ्यापाशी आली, तळव्यावरचा जुना वण दुसऱ्या हातानं चोळला, आणि तोंड उघडलं. बैल चालू लागले.