तीनच्या पाढ्याला उठलेले शंख

श्रावणातल्या रविवारी कोसाडच्या वसाहतीत जिन्यावर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. शंखवाले महाराज आले होते. सोबत काचेची पेटी, तीत डुमसच्या समुद्राचं पाणी आणि तळाशी नुसती वाळू.

"इस रेती में मरे हुए शंख हैं," महाराज म्हणाले. "ज्याच्या नावानं उठतील, त्याचा रोग गेला. फिर दवा बंद."

पहिला मान शेजारच्या मालतीबाईंचा. त्यांच्या गुडघ्यांसाठी महाराजांनी मंत्र सुरू केला, कमंडलूतली तुळशीची काडी काढून पेटीत ढवळली. बघता बघता वाळू हलली आणि आठ-दहा शंख लांब सोंडा काढून चालायला लागले. बायकांनी हात जोडले. महाराजांनी काडी झटकून सगळ्यांवर तीर्थ उडवलं.

एक थेंब अनुसयेच्या गालावर पडला. तिनं तो पुसला आणि बोट नाकाशी नेलं. श्रावण लागल्यापासून घरात सुकट शिजली नव्हती, पण तो वास ती झोपेतही ओळखेल. तीर्थाला सुकटीचा वास येत होता.

पुढचा नंबर निंबाचा, तिच्या नवऱ्याचा. टीबीच्या गोळ्या अजून दोन महिने घ्यायच्या होत्या, आणि हा शहाणा सकाळची गोळी मुठीत घेऊन बसलेला, शंख उठले की फेकायला. सांगून ऐकणारा असता तर काय हवं होतं. अनुसयेला त्याची कीवही येत होती आणि संतापही.

ती पांडेसऱ्याच्या कापड मिलमध्ये रंगाचे नमुने काढायची. तिथं एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं; मग रंग कशानं चढला ते कळतं. शंख पुन्हा वाळूत शिरेपर्यंत ती थांबली. मग रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेल्या तुळशीची काडी तोडून घेऊन आली.

"महाराज, मंत्र तोच म्हणा. तुळस तेवढी आमच्या दारची घ्या."

एवढ्या लोकांत तुळशीला नाही कसं म्हणणार? महाराजांनी तिची काडी पेटीत ढवळत मंत्र म्हटला. मग मोठ्यानं म्हटला. घाम फुटला, पण एक शंख हलेल तर शपथ.

"घर में पाप है," ते पुटपुटले.

"मग पापी माणसानंच करून बघावं," म्हणत अनुसयेनं कमंडलूतली काडी पेटीत धरली आणि मंत्राऐवजी पाढे सुरू केले. बेचा झाला, तीनचा घेतला. तीन पंचे पंधराला पहिला शंख वर आला, तीस होईस्तोवर सगळे.

मालतीबाईंनी कमंडलू उपडा केला. भिजलेली सुकट फरशीवर पडली. महाराज पेटी उचलून जिन्याकडे निघाले.

गोष्ट एवढीच होती. ते शंख म्हणजे समुद्रातल्या जिवंत गोगलगायी. वाळूत लपून राहतात आणि मेलेल्या माशाचा वास सोंडेला लागला की खायला धावतात. त्यांना मंत्रही सारखा आणि पाढाही सारखाच.

"चमत्कार दिसला की त्यातली एक गोष्ट बदलून बघा," अनुसया सगळ्यांना म्हणाली. "आणि गोळी डॉक्टर सांगतील तेव्हाच थांबवा."

निंबानं मूठ उघडली. "मले वाटनं, आजच सुटसू," तो हळूच म्हणाला.

"दोन महिने. मी आहे ना."

त्यानं गोळी तोंडात टाकली. "पाणी दे," तो म्हणाला, "त्या पेटीतलं सोडून कुठलंबी."