पाठीवरचं दव

मैदानात तीन तट्टं होती, कडब्याच्या सात पेंढ्या, दोन बादल्या, एक खरारा आणि छप्पर शून्य. सकाळचे पावणेसात, तापमान नऊ अंश. फाटकाशी एक टेम्पो मागची फळी टाकून उभा होता.

वाघोलीच्या त्या मोकळ्या जागेवर मला, जनावरांच्या डॉक्टरला, तपासणीसाठी पाठवलं होतं. तक्रार शेजारच्या सोसायटीची: जनावरं थंडीत उघड्यावर, केस वाढलेले, अंघोळ नाही. मी तसं लिहून सही केली की तिन्ही तट्टं त्या टेम्पोतून आश्रयगृहात जाणार होती.

मालकीण सुरय्याबी. वय साठीच्या आसपास. लग्नाच्या वरातीत, जत्रेत मुलांना फिरवायचं काम वडिलांपासून चालत आलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एक पेंढी सोडली आणि कडबा नेमका टेम्पोच्या पुढच्या चाकांसमोर पसरला. त्यातली दोन तट्टं, राणी आणि गुल्लू, चालत आली आणि तिथेच खायला लागली.

"बाई, गाडी काढायचीय मला," ड्रायव्हर श्याम म्हणाला.

"काढ की. जेवत्याला उठवायची लाज वाटत नसेल तर काढ."

सोसायटीच्या उल्का मॅडम शाल सावरत पुढे आल्या. "अहो डॉक्टर, पाठी बघा यांच्या. दवाने भिजल्यात. बिचारी मुकी जनावरं!"

"मुकी आहेत म्हणूनच सगळे त्यांच्या वतीने बोलतात," सुरय्याबी म्हणाल्या.

"काल तुम्ही नव्हता, म्हणून आम्ही निदान एकीला स्वच्छ केलं. मशीनने केस काढले, शांपू लावला. किती छान दिसतेय."

ती तिसरी, बिजली, कुंपणाशी उभी होती. तिच्या पाठीवर सुरय्याबींची गोधडी सुतळीने बांधलेली होती. गोधडीखाली ती कापत होती.

"कडबा आणायला गेले होते मी. परत आले तर हिचा कोट उतरवलेला!"

"आम्ही ब्लँकेट आणलंय ना. रोज ब्रेडही देतो त्यांना."

"तुमचा गिझर बाथरूममध्ये असतो. यांचा पोटात असतो. तो कोरड्या चाऱ्यावर पेटतो, ब्रेडवर नाही."

चाऱ्याचे तंतू आतड्यात आंबतात आणि त्यातून उष्णता तयार होते, हे मी कॉलेजात दोन तास शिकलो होतो.

सुरय्याबी पहिल्यांदाच माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, सही नंतर. आधी हात घाला."

राणीच्या पाठीवर मी बोटं केसांत खुपसली. टोकं ओली होती. मुळाशी कोरडं आणि उबदार. थर्मामीटरचं टोक कातडीला लावलं: एकतीस अंश. आतली ऊब बाहेर येत नव्हती, म्हणून दव वर तसंच टिकून होतं. मग बिजलीची उघडी मान पाहिली. तिथून ऊब निसटत होती, तिच्यावर दवाचा एक थेंब टिकला नव्हता.

मी हे मोठ्याने सांगितलं. उल्का मॅडमनी न विचारता राणीच्या केसांत हात घातला. काढायला वेळ लावला.

"अंघोळ तरी घाला हो," त्या म्हणाल्या, पण आवाज उतरला होता.

"उन्हाळ्यात या, बादली तुमच्या हातात देते. तोवर नुसता खरारा. केसातलं तेल राहिलं की पाणी आत जात नाही. आणि कुणी यांना न्यायला येणार असेल, तर आधी मला टेम्पोत घाला. मी कापत नाही, चावते."

वजनाच्या अंदाजासाठी तिघांच्या छातीचे घेर टेपने मोजले, वहीत लिहिले आणि "इथे ठेवण्यास योग्य" असं लिहून खाली सही केली. टेम्पो रिकामाच जाणार होता, पण कडबा संपेपर्यंत पाऊण तास हलला नाही. श्याम फळीवर बसून बिडी ओढत राहिला.

त्या थंडीत बिजलीला दीडपट कडबा मिळाला. गोधडी तीच होती, वर उल्का मॅडमचं ब्लँकेट.

पाच आठवड्यांनी, संक्रांत झाल्यावर, पुन्हा मोजलं. टेपचं दुसरं टोक उल्का मॅडमनी धरलं होतं. राणी: फरक नाही. गुल्लू: फरक नाही. बिजली: सहा सेंटिमीटर कमी. तिच्या पाठीवर परत उगवलेले केस: नऊ मिलिमीटर.